आमचे शब्द आम्ही परत घेतो

आमच्या डायलिसिस केंद्रातली संध्याकाळची पाळी बंद करायचं आरोग्य मंडळानं ठरवलं, आणि त्या निर्णयाला टेकू म्हणून टांटी नॉर्लिनाचंच एक वाक्य लावलं. पुढं जे काही झालं ते त्या वाक्यावरून झालं, म्हणून आधी टांटीबद्दल सांगतो.

टांटी म्हणजे मावशी, आत्या, काकू, काय हवं ते समजा. कॅरिबियनमधल्या कॅरियाकू बेटावर वयानं मोठ्या बाईला असंच म्हणतात, आणि इंग्लंडातल्या हडर्सफील्डमध्ये आम्ही कॅरियाकूवाले काही थोडेथोडके नाही. माझे आईबाप इथल्या लोकरीच्या गिरण्यांत कामाला आले. मी, कॉस्मस क्वाशी, इथंच जन्मलो, जन्मभर इथली बस चालवली आणि मग मूत्रपिंडं गमावून बसलो. नॉर्लिना कडजो मात्र परकरी वयात तिकडून आलेली. तिनं गाडी शिकवायचा धंदा केला. आमच्या गावात सपाट रस्ता शोधून सापडत नाही, त्यामुळे चढावर थांबलेली गाडी मागं न घसरू देता उचलणं हीच इथली खरी परीक्षा. अर्धं गाव टांटीच्या शिव्या खात ती परीक्षा पास झालंय. रस्त्यात भेटलेला धटिंगण पोलीससुद्धा तिला बघून नकळत सीटबेल्ट चाचपतो.

केंद्रात तिची खुर्ची माझ्या शेजारी. तिच्या पलीकडे रफाकत चाचा, मीरपूरचे, पूर्वी टॅक्सी चालवायचे. वाहनं हाकून म्हातारे झालेले आम्ही तिघं, तेव्हा मशीनला जोडलेलो असताना गप्पा कशाच्या चालत असतील हे सांगायला नको. संध्याकाळच्या पाळीला येणारे बहुतेक जण दिवसा कामावर जाणारे, नाहीतर ज्यांना सोडायला-न्यायला येणारी मुलं दिवसा कामावर असतात असे. सकाळी येणं आम्हाला जमण्यासारखं नव्हतंच.

तेमिलाडे अकांडे ही विद्यापीठातली डॉक्टरेट झालेली पोरगी आमच्याकडे आली ती हिवाळ्याच्या तोंडावर. आफ्रिकी वंशाच्या लोकांचं आरोग्य आणि त्यांच्यातलं पुढारपण, असा तिचा अभ्यास. मंडळानंच तिला तो करायला सांगितला होता. मला आकडे नकोत, माणसांचं बोलणं हवं, असं ती म्हणाली. आजार कधी कळला, डॉक्टरनं काय ऐकलं आणि काय ऐकून न ऐकल्यासारखं केलं, अडचण आली की तुम्ही कुणाकडे जाता, तुमच्या वतीनं बोलायचा हक्क तुम्ही कुणाला दिलाय, असे तिचे प्रश्न होते.

टांटीनं आधी तिचीच उलटतपासणी घेतली. कुठली, तर लंडनची. त्याआधी कुठली, तर आईवडील नायजेरियातल्या इबादानचे.

“म्हणजे भात करपवणारे,” टांटी म्हणाली.

“आम्ही करपवत नाही, टांटी. तळाला धरू देतो. खरी चव तिथंच असते.”

“करपलेल्याला चव म्हणतात आणि वर डॉक्टर होतात. बघ रे कॉस्मस.”

पण तिला ‘टांटी’ म्हणू दिलं, तेव्हाच मी समजलो की पोरगी पास झाली. पुढं सगळेच तिला तेमी म्हणायला लागलो.

कुणाशीही बोलायला बसली की तेमी रेकॉर्डर लावायच्या आधी एक गोष्ट हटकून सांगायची: हे शब्द तुमचे आहेत. मंडळाच्या सभेत अहवाल मंजूर होईपर्यंत केव्हाही परत मागा. मी काढून टाकीन, का म्हणून विचारणार नाही. आम्ही माना डोलवायचो. दुकानदार माल परत घेण्याबद्दल बोलतो तेव्हा कोण लक्ष देतं, तसंच ते.

रफाकत चाचांनाही बोलायचं होतं, पण अभ्यास फक्त आफ्रिकी वंशाच्या लोकांचा. ते रुसले. मूत्रपिंडाला वंश असतो हे मला या वयात कळलं, असं आल्या-गेल्या नर्सला ऐकवत राहिले.

टांटीचं बोलणं मी शेजारच्या खुर्चीतून अख्खं ऐकलं. पाय सुजायला लागले तेव्हा डॉक्टरनं वजन कमी करा म्हणून परत पाठवलं होतं. पुन्हा गेली तर तुम्हा लोकांचा रक्तदाब असतोच असा, म्हणाला. शेवटी ती दवाखान्यातच चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठं रक्त तपासलं. केंद्रातल्या नर्सा कमी केल्या, मग नवशिक्या हातानं तिची शीर फोडली आणि दंड खांद्यापर्यंत काळानिळा झाला, तेही तिनं सांगितलं. पुढारी कोण, या प्रश्नावर ती म्हणाली, माझ्या वतीनं मी बोलते, जीभ अजून निकामी झालेली नाही.

शेवटी तेमीनं विचारलं की उपचार घेताना सगळ्यात जड काय जातं. आदल्या उन्हाळ्यात वादळानं कॅरियाकू आडवं केलं होतं. तिथल्या लेस्टेअर गावात टांटीची धाकटी बहीण अल्सिना छप्पर उडालेल्या घरात ताडपत्री बांधून राहत होती. आमच्यापैकी प्रत्येकाचं कुणी ना कुणी तिकडे तसंच होतं.

“मी घरी असते तर बरं झालं असतं,” टांटी म्हणाली. “बहिणीजवळ. पण तिथं या मशीनसाठी बोटीनं समुद्र ओलांडून जावं लागतं. म्हणून मी इथं आहे, आणि हे केंद्र आहे म्हणून जिवंत आहे.”

तेमी खाली बघत बसली. टांटीनं मोकळ्या हातानं डोळे पुसले आणि तिला झापलं, बघत काय बसलीस, पुढचा प्रश्न विचार.

अहवालाची छापील प्रत वसंतात चर्चमध्ये आली. डीकन इग्नेशियस इनो यांनी प्रार्थना संपल्यावर दारात उभं राहून स्वतः वाटली. डीकन म्हणजे आमच्या चर्चचे जाणते, आणि मंडळावर बसलेले आमच्यातले पहिलेच. गुळगुळीत कागद, वर हसऱ्या काळ्या कुटुंबाचं चित्र. त्यातलं कुणीच आमच्या ओळखीचं नव्हतं. चित्राखाली मोठ्या अक्षरांत अहवालाचं नाव: ‘घरी असते तर बरं’.

आत लिहिलं होतं की आफ्रिकी वंशाचे रुग्ण कुटुंबवत्सल असतात, त्यांना केंद्रापेक्षा घरचे उपचार जवळचे वाटतात, हे त्यांच्याच तोंडून कळलं आहे. तेव्हा संध्याकाळची पाळी बंद करून लोकांना घरी मशीन द्यावं. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी शेजारच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जावं. शिरा फोडणाऱ्या नवशिक्या हातांबद्दल एक अक्षर नव्हतं. परत पाठवणाऱ्या डॉक्टरबद्दलही नव्हतं.

मी दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतो. मशीन ठेवलं तर मला जिन्यात झोपावं लागेल. शिवाय घरी डायलिसिस करायचं तर शेजारी कुणीतरी बसावं लागतं, आणि बायको, मर्ल, गेल्यापासून माझ्या घरी बसतं ते मांजर. टांटीची मुलगी गोदामात रात्रपाळी करते. तिनं झोपायचं कधी?

टांटीनं अहवाल बाकावर बसूनच वाचला. मी तिच्या ओरडण्याची वाट बघत होतो. ती ओरडली नाही. घडी घालायला जाड होता तरी तिनं त्याची घडी घातली, पर्समध्ये कोंबला आणि मला म्हणाली, “कॉस्मस, माझ्या बहिणीच्या उडालेल्या छपरानं यांनी आपलं दार बंद केलं.” मग बाहेर जाऊन गाडीत बसली आणि तेमीला फोन लावला.

तेमी दुसऱ्याच दिवशी केंद्रात आली. तोंड उतरलं होतं. तिनं लिहिलेला अहवाल याच्या कितीतरी पट जाड होता, टांटीचं वाक्य त्यात पूर्ण होतं, शिराही होत्या, डॉक्टरही होते. मंडळाच्या कचेरीनं तो ‘सुटसुटीत’ केला. ती भांडली, विद्यापीठातल्या वरिष्ठांकडे गेली, तर ते म्हणाले अभ्यास मंडळाचा आहे, सारांश कसा काढायचा ते त्यांनी ठरवावं. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. टांटीनं ऐकून घेतलं.

“सभा झाली का मंजुरीची?”

“पुढच्या आठवड्यात आहे. नगरसभागृहात. लोकांना यायला मोकळीक आहे.”

“मग माझे शब्द मी परत घेते.”

टांटी मला म्हणाली, तुझं काय? मी म्हटलं, माझेही. पलीकडून बायका-पुरुष एकेक करून बोलायला लागले. मशीनची घरघर चालू होती, हात हलवता येत नव्हते, त्यामुळे जो तो मान वळवून सांगत होता. चाचा म्हणाले, “माझं कुणी ऐकलंच नाही, मी काय परत घेऊ?” तरी ते खूश होते.

मग तेमीनं हळू आवाजात सांगितलं की तुम्ही सगळ्यांनी शब्द काढून घेतले तर अहवालात काही उरणार नाही. मंडळाच्याही नाही आणि माझ्याही नाही. यातूनच माझं पुस्तक व्हायचं होतं, पुढची नोकरी त्यावर होती. टांटीला ते लागलं, हे मला दिसलं. तिनं तेमीचा हात धरायला हात पुढं केला आणि नळ्यांमुळे अर्ध्यावरच थांबली.

“तुझं नुकसान होणार हे खरं आहे, पोरी. ते मी खोटं बोलून लहान करणार नाही. पण तू आम्हाला काय सांगितलं होतंस?”

“शब्द तुमचे आहेत.”

“मग?”

“मग घ्या परत,” तेमी म्हणाली. “मी काढून टाकते. आणि सभेत मी स्वतः तसं सांगते.”

ही बातमी डीकनच्या कानावर जायला वेळ लागला नाही. ते टोपी हातात घेऊन आमच्या दोन खुर्च्यांच्या मध्ये येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हे. आमच्या मुलांना शाळेतून काढून टाकत तेव्हा हेडमास्तरांशी भांडायला तेच जायचे. ते म्हणाले, नॉर्लिना, त्या टेबलाशी आपल्यातलं कुणीतरी बसावं म्हणून मी अर्धं आयुष्य घालवलं. आता कुठं बसलोय. आज टेबलालाच लाथ मारलीत तर पुन्हा कुणाला बोलावणार नाहीत. अहवालात चुका आहेत, मी आतून दुरुस्त करीन, मला थोडा अवधी द्या.

“तुम्ही वाचला होता का तो, वाटायच्या आधी?” टांटीनं विचारलं.

डीकननी टोपी फिरवली. सारांश वाचला होता, म्हणाले.

“डीकन, त्या टेबलाशी तुम्हाला खुर्ची मिळाली याचा मला आनंद झाला होता. मी केक केला होता त्या दिवशी. पण तुम्हाला मिळाली ती एक, आणि जाणार आहेत त्या या सगळ्या. तुम्ही आमच्या वतीनं बसलात, मग आम्हाला विचारायला एकदा तरी इथं का नाही आलात? रस्ता तर मीच शिकवला होता तुम्हाला, चढाचा.”

आजूबाजूला हसू फुटलं. डीकन हसले नाहीत. देव तुमचं भलं करो म्हणून निघून गेले, आणि त्यांच्या चालण्यावरून मला कळलं की हे चर्चच्या बाकांपर्यंत जाणार. गेलंच. त्या रविवारी निम्मे लोक टांटीशी बोलले नाहीत. आपल्या माणसाचे पाय ओढते, असं एक बाई तिच्या पाठीमागं पुरेशा मोठ्यानं म्हणाली. टांटी मागं वळून म्हणाली की पाय ओढायला आधी ते पाय आमच्याकडे यायला हवेत, आणि पुढच्या भजनाला सगळ्यांच्या वरचा सूर लावला.

सभेच्या दिवशी टांटीनं जांभळा कोट घातला, दफनाला घालते तो. आम्ही सगळे गेलो. आदल्याच दिवशी डायलिसिस झाल्यामुळे अंगात जरा त्राण होतं. दोघं चाकाच्या खुर्चीत होते. रफाकत चाचा इस्त्रीचा सलवार-कमीज घालून आमच्याबरोबर पहिल्या रांगेत बसले. पुढं लांब टेबल, मध्ये मंडळाचे अध्यक्ष हार्डकॅसल, एका कडेला डीकन.

हार्डकॅसलनी अहवालाची स्तुती केली. समाजाचा आवाज प्रथमच मंडळापर्यंत पोचला, म्हणाले. मग कुणाला काही विचारायचं आहे का, असं विचारून उत्तराची वाट न बघता कागद उलटला.

टांटी उभी राहिली. “माझं नाव नॉर्लिना कडजो. अहवालाचं नाव माझं वाक्य आहे. ते मी परत घेते.”

हार्डकॅसल सौम्यपणे म्हणाले की वाक्य कुणाचं आहे हे गोपनीय असतं, आणि सभेची वेळ मर्यादित आहे. टांटी बसली नाही. मी उठलो. माझं नाव सांगितलं, माझे शब्द परत घेतो म्हटलं. माझ्यामागून एकेक जण उठत गेला, चाकाच्या खुर्चीतल्यांनी हात वर केले. कुणी दुसरं काही बोललं नाही, नाव आणि तेवढंच वाक्य. रफाकत चाचा सगळ्यात शेवटी उठले. “माझं नाव रफाकत हुसेन. माझे शब्द कुणी घेतलेच नाहीत. तरीही मी उभा आहे, लिहून घ्या.”

हार्डकॅसलच्या मानेवर लाली चढली. मंडळाला इतर पुराव्यांच्या आधारेही निर्णय घेता येतो, असं ते म्हणाले. तेव्हा तेमी मागच्या बाजूनं पुढं आली. तिनं शांतपणे सांगितलं की तिच्या अभ्यासात दुसरा पुरावा नाही. पुरावा म्हणजे ही माणसंच. त्यांनी शब्द परत मागितले आहेत आणि तिनं ते काढून टाकलेत. उरलेल्या कागदांवर विद्यापीठाचं किंवा तिचं नाव कुणी घातलं तर ते खोटं ठरेल. तिचे वरिष्ठ मागच्याच रांगेत बसले होते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“आता मी माझं वाक्य पूर्ण सांगते,” टांटी म्हणाली, “तुम्हाला लिहून घ्यायला नव्हे, ऐकायला.” आणि तिनं ते सांगितलं. बहीण, ताडपत्री, बोट, मशीन, सगळं. तेव्हा रडली होती, या वेळी रडली नाही. “अर्धं वाक्य घेऊन तुम्ही मला माझ्याच विरुद्ध साक्षीला उभं केलंत,” ती म्हणाली. “मला घरी मरायचं नाही. मला इथं येऊन जगायचंय, संध्याकाळी, माझ्या खुर्चीत.”

टेबलाशी बसलेल्या कुणीतरी निर्णय पुढं ढकलायची सूचना मांडली. मग त्यावर हार्डकॅसलनी मंडळाच्या सदस्यांना हात वर करायला सांगितलं. दोन-तीन हात वर झाले. डीकन टेबलाकडे बघत बसले होते. आमच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, पण हात वर केला. त्यांच्यामागून आणखी दोन हात वर गेले, आणि तेवढे पुरले.

ते टांटीशी मात्र त्यानंतर कित्येक महिने बोलले नाहीत. मी एकदा तिला म्हटलं की हात तरी वर केला त्यांनी. ती म्हणाली, केला, आणि त्याबद्दल मी त्यांना केक पाठवलाय. राग धरायचा तर पोट भरून धरू दे.

संध्याकाळची पाळी चालू राहिली. कायमची, असं कुणी लिहून दिलेलं नाही. दरवर्षी विचार होईल, म्हणतात. नर्सा दोन वाढवल्या. मंडळानं टांटीला सल्लागार म्हणून एक जागा देऊ केली. तिनं उलट कळवलं की मला तिकडे बोलावू नका, तुम्हीच इकडे या, संध्याकाळी, आम्ही मशीनवर असताना, आणि उभं राहायची सवय करून या, कारण बसायला जागा नाही. हार्डकॅसल आले, हे कबूल केलं पाहिजे. सुई आत जाताना बघून पांढरे पडले. चाचांनी त्यांना आपलं बिस्किट दिलं आणि मग कोपऱ्यात अडकवून वंश आणि मूत्रपिंड या विषयावर सविस्तर ऐकवलं.

विद्यापीठानं तेमीची नोकरी पुढं चालू ठेवली नाही. कारण दिलं पैशाचं. ती लंडनला परत गेली, एका कॉलेजात शिकवते. टांटीनं तिला निरोपाला जेवायला बोलावलं, मुद्दाम भात केला, आणि तळाला लागू दिला. तोंडानं मात्र कबूल केलं नाही.

पण काम थांबलेलं नाही. तेमी अधूनमधून गाडीनं येते. चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही जमतो, आता चाचाही त्यात आहेत. पुस्तक कुणासाठी लिहायचं, नावं खरी घालायची की खोटी, कुणाचं बोलणं कुठं तोडायचं, सगळं आमच्यासमोर ठरतं. ती एकेक पान मोठ्यानं वाचते आणि आम्ही अडवतो. भांडणं होतात. मागच्या खेपेला माझं पान निघालं. डॉक्टरनं मला तीनदा परत पाठवलं त्याबद्दल मी बोललो होतो, आणि शेवटी म्हणालो होतो की त्या गोष्टीचा आता मला राग येत नाही.

टांटीनं हात वर करून वाचन थांबवलं.

“खोटं आहे ते,” ती म्हणाली. “हा सुई टोचताना दर वेळी त्या डॉक्टरचं नाव घेतो. मी शेजारीच असते.”

तेमीनं माझ्याकडे पाहिलं. शब्द कॉस्मसचे आहेत टांटी, म्हणाली, ते म्हणतील तसंच राहील.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यभर बसमध्ये प्रवाशांनी काय काय ऐकवलं, मी कधी उलटून बोललो नाही. मान हलवायची आणि पुढचा थांबा घ्यायचा, हीच सवय. मर्ल म्हणायची, तुझ्या पोटात काय आहे ते देवाला तरी कळतं का. मी खुर्ची पुढं ओढली.

“ते खोडा,” मी म्हटलं. “राग येतो, असं लिहा.”